नवव्या दातापासून

माझा स्वभाव तापट आहे असं घरात सगळे म्हणतात. सगळे म्हणजे दोघी, ठकी आणि तिची आई. मला ते मान्य नाही. चाळीस वर्षं मी फर्निचर केलं. कपाटं केली, टेबलं केली, पाळणे केले, एकदा एका संशयी वकिलासाठी सात चोरखणांचं मेज केलं. त्या चाळीस वर्षांत मी आवाज चढवला तो फक्त कामात ढिलाई करणाऱ्यांवर. आता सगळेच ढिलाई करत असतील तर मी काय करणार?

ठकी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी काही मनाविरुद्ध झालं की लाकडी बाहुलीसारखी ताठ उभी राहायची, म्हणून ठकी. आता ती छत्तीस वर्षांची दातांची डॉक्टर आहे. दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे, बाहेर पाटीवर खरं नाव आणि त्यापुढे पदव्यांची शेपटी आहे. तरी मी बाहेरच्या बाकावरून "ठकी!" अशी हाक मारली की आतला पेशंट उघड्या तोंडानेच हसतो आणि ती भडकते. हा तापटपणा तिच्याकडे आईकडून आला.

गेली काही वर्षं ठकीच्या डोक्यात एकच भुंगा होता. दातात भरलेलं सिमेंट टिकत का नाही? बसवताना ते छान बसतं, दाताच्या रंगाचं, शोधून सापडणार नाही असं. दोन-तीन वर्षं गेली की कडेने तपकिरी रेघ उमटते, मग फट पडते, आणि एक दिवस जेवताना फिलिंग ताटात येतं. तिच्या आईचं असंच ताटात आलं. बाईसाहेबांनी ते धुतलं, पुसलं, काडेपेटीत घातलं आणि मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "हे घे, तुझी वस्तू तुझ्याकडे," एवढंच म्हणाल्या. ठकी त्या दिवशी नीट जेवली नाही.

"सिमेंट चांगलं आहे गं आई," ती नंतर सांगत होती. "दातही चांगला आहे. मधला जोड सुटतो."

जोड म्हटल्यावर मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. जोड हा माझा विषय. दातावर मला कुणी काही विचारू नये, पण दोन वस्तू एकमेकींना कशा धरून ठेवतात यावर मी तीन दिवस बोलू शकतो, आणि एकदा बोललोही आहे.

ठकीने मग सगळं उलगडून सांगितलं. दाताचा वरचा पांढरा थर कडक असतो, त्याला डिंक चांगला धरतो. ती त्याला बाँडिंग म्हणते, मी डिंकच म्हणतो. खरी भानगड खालच्या थरात. त्या थरावर ॲसिड लावलं की क्षार विरघळून जातात आणि बारीक धाग्यांची जाळी उघडी पडते. डिंक त्या जाळीत शिरला पाहिजे. पण त्या जाळीत पाणीही असतं, आणि डिंकाबरोबर जे थोडं पाणी आत अडकून राहतं तेच पुढे वर्ष-दोन वर्षांत जोड आतून पोखरतं.

"मग पाणी काढ की," मी म्हणालो.

"काढायचंय, पण युक्तीने. पाण्याच्या जागी हळूहळू स्पिरिट भरायचं. आधी पातळ, मग कडक. स्पिरिटमागून डिंक आत जातो, आणि पाणी मागे राहत नाही."

मी मांडीवर थाप मारली. स्पिरिट! अहो, स्पिरिट तर आमचं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश स्पिरिटमध्येच तर मुरवतात. पॉलिश करताना लाकडात जरा ओल राहिली की वर पांढरा डाग उठतो, आणि तो घालवायचा तर स्पिरिटचाच हात फिरवावा लागतो. मला वाटलं, माझी मुलगी इतकी शिकून शेवटी माझ्याच वर्कशॉपात येऊन पोचली. मी तिला तसं म्हणालोही.

"बाबा, हे मी शोधलेलं नाही. लोकांनी कधीच लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "भानगड अशी आहे की त्याला फार पायऱ्या आहेत, फार वेळ लागतो. तोंड उघडं ठेवून कोण तेवढा वेळ बसेल? मी त्या पायऱ्या कमी केल्यात. एका मिनिटाच्या आत बसवलंय सगळं. आता बघायचं, ते टिकतं का."

कॉलेजातल्या तिच्या सरांना तिने हे दाखवलं. सर भला माणूस, पण प्रत्येक गोष्टीवर मान आडवी हलवण्याची त्यांना सवय. ते म्हणाले, पद्धत नाजूक आहे, हातावर अवलंबून आहे, दवाखान्यात करणाऱ्याला झेपायची नाही. तरी करून बघ. टिकली तर डॉक्टरांच्या वार्षिक सभेत तूच वाचून दाखव.

झालं. ठकीने वर्षभर दात जमवले. अक्कलदाढा काढायला लोक यायचेच, त्यांना विचारून, त्यांची सही घेऊन ती दाढा बाटलीत ठेवायची. चाळीस झाल्या तेव्हा तिने एक रविवार ठरवला. नेमकी तिची मदतनीस बाई आजारी पडली आणि ठकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचा हात स्थिर आहे. याल का?"

याल का, म्हणे! मी शनिवारीच नखं कापली.

रविवारी दवाखाना बंद होता. आतल्या खोलीत आम्ही दोघंच. ओट्यावर पांढरं कापड, त्यावर ओळीने चाळीस दाढा, प्रत्येकीचा माथा सपाट कापलेला, प्रत्येकीला नंबर. काम असं की ठकी दातावर निळं ॲसिड लावणार, पंधरा सेकंदांनी पाण्याने धुणार, आणि दात माझ्याकडे देणार. मी टिपकागदाच्या तुकड्याने वरचं पाणी टिपून दात तिला परत द्यायचा. पहिले वीस दात जुन्या पद्धतीने, म्हणजे सरळ डिंक. पुढचे वीस स्पिरिटवाले. मग सगळ्यांवर सिमेंटचा ठोकळा चढवायचा आणि निळा दिवा मारून तो कडक करायचा.

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "टिपायचं, वाळवायचं नाही. दात दमट राहिला पाहिजे. थेंब नको, पण चकाकी हवी." त्यावर तिने कारणही सांगितलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी तेव्हा तिची ती नाजूक ब्रशची दांडी बघत होतो, आणि याला इतकी छान मूठ कुणी केली असेल असा विचार करत होतो.

जुन्या पद्धतीचे वीस दात मी सांगितल्यासारखे केले. मला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते हरायचेच होते. मग स्पिरिटचे सुरू झाले. पहिले आठ होईपर्यंत ठकी माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. "छान, असंच," म्हणाली, आणि तोंड फिरवून स्पिरिटच्या वाट्यांकडे वळली.

नववा दात माझ्या हातात आला. ओला, चकाकता. आणि माझे हात शिवशिवू लागले.

तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं ज्याने शिकाऊ पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं की ओल्या लाकडाला सरस धरत नाही, ज्याने ओलं लाकूड आणणाऱ्या वखारवाल्याला ट्रकसकट परत पाठवलं, त्या माणसाने ओल्या दाताला डिंक लावायला द्यायचा? तेही आपल्या मुलीच्या दाताला, म्हणजे तिच्या बाजूच्या दाताला? पाणीच तर काढायचं आहे ना शेवटी? मग जितकं आधी काढू तितकं स्पिरिटचं काम हलकं. ट्रेमध्ये हवेचा रबरी फुगा पडला होता, दाबला की फुस्स करून हवा सोडणारा. मी दात टिपला आणि वर चार फुस्स दिले. दात खडूसारखा कोरडा झाला. बघून माझ्या जिवाला बरं वाटलं.

ठकीला दिला. तिने बघितलंही नाही. स्पिरिटचा ब्रश तयारच होता, तो लागताच दात पुन्हा चकाकला. आणि बापाने टिपलेला दात ती तपासेल कशाला?

नवव्यापासून विसाव्यापर्यंत, बारा दात मी असे वाळवले. फुग्याचा आवाज तिने ऐकला असेल, तर तिला वाटलं असेल की मी ट्रेवरची धूळ उडवतोय. मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, आपण मुलीला गुपचूप हात दिला. घरी येताना मी शीळ घालत होतो.

दात पाण्याच्या बाटल्यांत गेले आणि बाटल्या अंगाइतक्या उबेच्या कपाटात. सहा महिने. ठकी दर आठवड्याला पाणी बदलायची. मी मधूनमधून विचारायचो, "काय म्हणतात आपले दात?" ती म्हणायची, "भिजतायत."

सहा महिन्यांनी कॉलेजात त्यांची परीक्षा झाली. प्रत्येक दाताच्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या कांड्या कापतात, अर्धी कांडी सिमेंटची, अर्धी दाताची, मधे जोड. ती कांडी यंत्रात दोन्ही टोकांनी पकडायची आणि तुटेपर्यंत ओढायची. किती जोर लावल्यावर तुटली त्याचा आकडा येतो. मोठा आकडा चांगला, लहान वाईट. मला एवढं पुरे.

त्या दिवशी दुपारी ठकी सरळ आमच्याकडे आली. चपला दारात एक इकडे एक तिकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि आईला म्हणाली, "हरले."

जुन्या पद्धतीची सरासरी एकवीस. नव्या पद्धतीची एकोणीस.

मी बाहेरच्या खोलीत होतो. मधे दार नाही, नुसती चौकट आहे, ती मीच केलेली. सगळं ऐकू येत होतं.

"पद्धतच वाईट असती तर एक वेळ ठीक होतं," ठकी सांगत होती. "पण तसं नाही गं. पहिले आठ दात झकास आहेत. चौतीसच्या आसपास, सगळे. आणि मग धाडकन खाली. नऊ, दहा, आठ. नवव्यापासून शेवटपर्यंत. सर म्हणाले, हात थकला तुझा. म्हणाले, मी तुला सांगितलंच होतं, हे हातावर आहे, आणि तुझा हात अजून तेवढा बसलेला नाही."

"असं म्हणाले?" तिची आई.

"खरंच असेल ते. आठच दात नीट करू शकते मी. आणि दिवसाला दहा-बारा पेशंटची फिलिंग करते! म्हणजे त्यांतल्या शेवटच्यांचं काय होत असेल? तुझं पडलं ते असंच पडलं असणार. मी सभेला नाही जात. दुसऱ्या खुर्चीवर कुणीतरी चांगल्या हाताचा डॉक्टर ठेवते, फिलिंग तो करेल. मी दात काढत बसेन. काढायला काय लागतं?"

नवव्यापासून. नक्की काय चुकलं ते मला कळलं नव्हतं, पण नवव्यापासून हा शब्द मला पुरेसा होता. नवव्यापासून ठकीच्या हातात काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते माझ्या.

मी तिथेच उठून आत जायला हवं होतं. गेलो नाही. चाळीस वर्षांत माझं चुकलं असं मी कुणाला म्हटलेलं नाही. एका गिऱ्हाइकाचं टेबल डुगडुगलं तेव्हासुद्धा मी त्यांच्या घरातली फरशी तपासायला सांगितली होती. ठकी चहा न घेता गेली आणि मी वर्तमानपत्राचं तेच पान तिसऱ्यांदा वाचलं.

"काय केलंत?" बाईसाहेब समोर उभ्या.

"कुठे काय?"

"अहो, छापून आलेल्या पेपरला तुम्ही अर्धा तास एक शिवी दिली नाही. काय केलंत ते सांगा."

सांगितलं. ती ऐकून ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "ती स्वतःच्या हाताला नावं ठेवतेय, आणि तुम्ही इथे बसलायत." आणि आत निघून गेली. ओरडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. बाकावर चार जण होते. त्यांच्या मागे नंबर लावून बसलो, कारण मधे घुसून बोलण्याइतकं बळ नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा ठकी म्हणाली, "तुम्ही? दुखतंय का काही?"

"हो," मी म्हणालो आणि खुर्चीत बसलो. म्हटलं, आडवं पडून सांगितलेलं बरं. पण मी तोंड उघडलं रे उघडलं की तिने आरसा आत घातला.

"अं आं ऑं," मी म्हणालो.

"हलू नका. कुठली दाढ?"

"ऑं आ आं!"

"ही? ही तर चांगली आहे."

शेवटी मी तिचं मनगट धरलं, आरसा बाहेर काढला आणि एका दमात बोलून टाकलं. "दाढ नाही दुखत. ते दात मी वाळवले. नवव्यापासून पुढचे सगळे. त्या फुग्याने. तुझी पद्धत जिंकावी म्हणून वाळवले."

मदतनीस बाई हळूच कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

"काय केलंत?" ठकीचा आवाज फार खाली गेला होता. तिच्या आईचाच जातो तसा. आणि मग तो वर आला. "मी सांगितलं होतं! टिपायचं, वाळवायचं नाही! दाताच्या कण्या करून सांगितलं होतं! बाबा, ती जाळी पाण्यावर उभी असते! पाण्यातलं शेवाळ बाहेर काढलं की कसं चिकटून गोळा होतं? तसं होतं तिचं! मग डिंक कुठून शिरणार आत? स्पिरिटनेसुद्धा उभी राहत नाही ती नीट! दीड वर्ष, बाबा! एक वर्ष दात जमवले, सहा महिने भिजवले!"

मी खुर्चीत आडवाच होतो, डोळ्यांवर तो मोठा दिवा. ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं उलट उत्तर न देता ऐकून घेतलं.

"मला वाटलं, ओल्याला काही चिकटत नाही," मी म्हणालो. "लाकडाला नाही चिकटत."

ड्रॉवर उघडून तिने तो आकड्यांचा कागद काढला आणि बोट खाली खाली नेलं. आठव्याशी थांबलं. नवव्याशी थांबलं. मग ती कागद घेऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"नवव्यापासून नक्की?"

"नक्की. आठव्यापर्यंत तू शेजारी उभी होतीस. तुझ्यासमोर माझी काय बिशाद?"

"म्हणजे थकला वगैरे काही नाही. म्हणजे माझा हात..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही. मास्क लावलेल्या बाईला ही दोन्ही कामं एकदम करताना मी प्रथमच पाहिलं. "बाबा, तुम्ही मला ठार केलं असतंत."

"हो," मी म्हणालो. "माझं चुकलं."

मदतनीस बाई कपाटाशी खुदकन हसली. बाहेरचा पेशंट आत डोकावून विचारता झाला, "डॉक्टर, काकांचा दात काढला का?"

"अजून नाही," ठकी म्हणाली. "विचार चालू आहे."

मला वाटलं, आता ती ते बारा दात यादीतून काढून टाकेल, आठांची सरासरी धरेल आणि सभेला जाईल. मी तसं सुचवलंही. माझ्याकडे तिने असं बघितलं की मी पुन्हा आडवा झालो. असं करता येत नाही म्हणे. नको असलेले आकडे गाळले की राहिलेल्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. पुन्हा पहिल्यापासून करायचं. सभेवाल्यांना तिने लिहून टाकलं, या वर्षी नाही, पुढच्या वर्षी. कारण विचारलं तर "घरगुती अडचण" असं सांगितलं. ती अडचण म्हणजे मी.

या वेळी साठ दात हवे होते, कारण तिने आणखी एक गट वाढवला होता. स्पिरिट लावलेले, पण आधी वाळवलेले. "दवाखान्यात किती जण असंच करत असतील, कुणाला माहीत," ती म्हणाली. "सगळेच हवेचा झोत मारतात. तो किती महागात पडतो तेही दिसू दे." मैत्रिणींच्या दवाखान्यांतून दात मागवले, आठ महिन्यांत साठ झाले. सरांना तिने सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांची मान पहिल्यांदाच उभी हलली, आणि नंतर ते पोट धरून हसले असं ऐकलं. हसू दे.

रविवार ठरला. मी म्हणालो, "या वेळी मदतनीस बाईंना घे."

"त्या सुट्टीवर आहेत. मीच दिली."

"ठकी, नको गं. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"तिसऱ्या गटासाठी इतकं एकसारखं वाळवणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार?" ती म्हणाली, आणि मग चेष्टेचा सूर सोडून, "आणि दुसऱ्या गटासाठीही तुम्हीच हवे आहात. मला बघायचंय."

काय बघायचंय ते तिने सांगितलं नाही. मला कळलं.

या वेळी कारण मी नीट ऐकलं. ब्रशच्या दांडीकडे बघितलं नाही. स्पिरिटच्या गटाला बसलो तेव्हा ठकी पहिल्या दातापासूनच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मुद्दाम. एकदाही वळली नाही. आणि फुगा माझ्या कोपराशी ठेवला होता, तोही मुद्दाम. डावा हात मी मांडीखाली घातला आणि उजव्याने टिपत राहिलो. ओला दात, चकाकता दात, माझ्या चाळीस वर्षांच्या शिकवणीच्या तोंडावर थुंकणारा दात, मी तसाच्या तसा तिच्या हातात देत राहिलो. विसावा दिला तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. आख्खं जेवणाचं टेबल एकट्याने उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं तेव्हाही मी इतका दमलो नव्हतो. तिसरा गट म्हणजे मग मला सुट्टीच. फुस्स फुस्स करून सगळे खडखडीत वाळवले, अगदी मन लावून.

पुन्हा सहा महिने. "काय म्हणतात?" "भिजतायत."

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. खोली लहान, खिडकीत वाळलेलं कुंडीतलं झाड, टेबलावर ते यंत्र. आमच्या शिकंज्याहून लहान, पण जात तीच. यंत्रावर एक बाई होत्या. त्यांना कुठला दात कुठल्या गटातला ते ठाऊक नव्हतं, त्यांच्यापुढे नुसते नंबर. त्या कांडी लावायच्या, बटण दाबायच्या, टक् असा आवाज यायचा आणि त्या आकडा वाचायच्या. माझ्या खिशात मात्र कुठला नंबर कुठल्या गटाचा त्याची चिठ्ठी होती.

जुन्या पद्धतीचे दात वीस, बावीस, एकोणीस असे गेले. माझे वाळवलेले नऊ, आठ, दहा असे गेले, आणि मी इतक्या आनंदाने मान डोलावली की बाईंनी मला विचारलं, बरं वाटतंय ना. मग स्पिरिटचे लागले. पहिला तेहतीस. दुसरा पस्तीस. आठवा चौतीस. ठकी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. लहानपणची तीच ताठ लाकडी बाहुली. नवव्याची कांडी बाईंनी लावली तेव्हा मी श्वास रोखला. तिनेही रोखला असणार, कारण खोलीत फक्त यंत्राची घरघर होती.

टक्.

"तेहतीस," बाई म्हणाल्या आणि पुढची कांडी उचलली.

जीव भांड्यात पडला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. दहावा चौतीस, अकरावा बत्तीस, पुढे सगळे तसेच, एकही घसरला नाही. विसाव्याची शेवटची कांडी उरली. बाईंनी बटण दाबलं. आकडा चढत गेला, तेहतीस, पस्तीस, सदतीस, आणि मग टक् झालं. बाई जवळ जाऊन बघायला लागल्या.

"हा जोडावर नाही तुटला," त्या म्हणाल्या. "दातच तुटलाय. जोड तसाच आहे."

मी उठलो. "बघू," म्हणालो. त्यांनी चिमट्याने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. ठकीने तिचा भिंगाचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला. खरंच. दात मधूनच फाटला होता आणि सिमेंटला चिकटलेला त्याचा भाग सिमेंटलाच घट्ट धरून बसला होता.

आमच्या धंद्यात याहून वर काही नाही. जोड लावून झाला की उरलेल्या तुकड्यावर हातोडा घालून बघतात. सरस सुटला तर काम कच्चं. लाकूड फुटलं आणि जोड राहिला, तर करणारा उस्ताद. माझे असे जोड मी बोटांवर मोजलेत. शिकाऊ पोरं पंचवीस-तीस येऊन गेली हाताखालून, त्यांच्यातल्या दोघांचे बघितले. आणि आता हा, माझ्या मुलीचा, मुंगीएवढा, सहा महिने पाण्यात बुडवून काढलेला.

आमच्या घरात चांगल्या कामाला आम्ही चांगलं म्हणत नाही, फक्त वाईटाला वाईट म्हणतो. शाळेत ती पहिली आली तेव्हा मी दुसरा कोण आला ते विचारलं होतं. पदवी मिळाली तेव्हा फ्रेम वाकडी लागलीय म्हणालो होतो.

"ठकी," मी म्हणालो. "तुझा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला."

भिंगाच्या चष्म्यातून मला ती भलतीच मोठी आणि पुसट दिसत होती. मग तिने माझ्या तळहातावरचा तो तुकडा उचलला, बाईंना परत दिला, आणि माझा तोच हात तिच्या हातात धरून ठेवला. बाई विसाव्या दाताचा आकडा वहीत लिहीत होत्या.